अशोकाच्या मुदपाकखान्यातील दोन मोर

दीक्षा घेतलेल्या घरात पहिला पेच पडतो तो बोकडाचा. मरीआईला बोललेला नवस जुन्या पिढीचा असतो. तो फेडला नाही तर कोप होईल, असे म्हातारी माणसे म्हणतात. डोंगरकड्यासारख्या खेड्यात हा वाद मी पुष्कळदा ऐकला आहे. अशा वेळी मला सम्राट अशोक आठवतो.

अशोक हा बिंदुसाराचा पुत्र, चंद्रगुप्त मौर्याचा नातू. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी, इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकला. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख परागंदा झाली. विजयी राजानेच हे आकडे आपल्या पश्चात्तापासह दगडावर कोरून ठेवावेत, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पण बंधुभगिनींनो, तो एका दिवसात बदलला नाही. यज्ञातील पशुबळीला त्याने मनाई केली. त्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज असंख्य प्राणी मारले जात. लेख कोरला तेव्हा तीनच उरले होते: दोन मोर आणि एक हरीण, हरीण तर रोज नव्हेच. पुढे तेही मारणार नाही, असे त्याने जाहीर केले. तीन उरले आहेत हे त्याने लपवले नाही, याचे मला मोल वाटते. अभिषेकाच्या दहाव्या वर्षी तो बुद्धगयेला गेला आणि शिकारीच्या सहलींच्या जागी धम्मयात्रा सुरू झाल्या. हे सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्यात सापडला.

प्राणी मारू नका असे सांगतानाच अशोक आईवडिलांची सेवा आणि नोकरचाकरांशी चांगली वागणूकही सांगतो. बोकड वाचवताना घरातल्या म्हातारीला टाकून बोललो, तर शील अर्धेच पाळले.

मात्र अशोक दुबळा नव्हता. बंडखोर अरण्यवासीयांना त्याने आपल्या बळाची जाणीव दिली. देहदंडही रद्द केला नाही; शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. काहींना ही विसंगती वाटते. बाबासाहेबांनी मात्र ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये समजावले आहे की अहिंसा हे तत्त्व आहे, ताठर नियम नव्हे, मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. मार खाऊन गप्प बसणे म्हणजे अहिंसा, हा समज आपल्या वस्तीतून गेलाच पाहिजे.

अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या. हे सारे माणसांसाठी आणि जनावरांसाठी, असे त्याने नोंदवले. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता.