गाडगेबाबांची शाळा

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता या गावावरून जातो. भोवती सारा कापसाचा मुलूख आहे. येथील शेतकऱ्यांची मुलेमुली महाविद्यालयात शिकून पदवीधर होतात, तेव्हा त्यांच्या पदवीपत्रावर ज्या पुरुषाचे नाव असते, त्याने स्वतः शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. निरक्षर माणसाचे नाव विद्यापीठाला का द्यावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर बाबांच्या चरित्रातच आहे.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबू. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन जडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी आली. तेथे मामाची गुरे राखता राखता डेबू मोठा झाला. अंगात बळ येताच त्याने नांगर धरला. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तो मामाच्या शेतात राबे.

या मामांचे नाव चंद्रभानजी. त्यांनी गावच्या सावकाराकडून कर्ज घेतले होते. मामा सरळ मनाचे गृहस्थ. सावकाराच्या शब्दावर त्यांचा विश्वास. परंतु हिशेबाच्या वह्या सावकाराच्या घरी, आणि त्यांत काय लिहिले आहे हे मामांना वाचता येत नव्हते. किती दिले, किती राहिले, व्याज कसे वाढले, यांतले काहीच त्यांना उमगले नाही. अखेर ज्या काळ्या जमिनीत त्यांनी घाम गाळला होता, ती सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामा खचले. हे सारे डेबूने डोळ्यांनी पाहिले. दुष्काळाने पीक जाते, पुराने घर जाते. पण अक्षर न आल्यामुळे जमीन जाते, ही गोष्ट त्याच्या मनात खोल रुतून बसली.

१९०५ साली डेबूने बायको-मुले, घरदार मागे ठेवून गाव सोडले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, हातात काठी आणि डोक्यावर मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात तो भिक्षा घेई. त्यावरून लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात पाऊल टाकताच बाबा प्रथम खराटा हाती घेत आणि रस्ते, गटारे झाडून काढीत. दिवसभर गावाची घाण उपसणारा हा वेडा कोण, म्हणून लोक पाहत राहत. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला म्हणजे ते थक्क होत!

बाबांचे कीर्तन इतर कीर्तनांहून निराळे होते. त्यात संस्कृत श्लोक नसत, पंडिती निरूपण नसे. भाषा आपली साधी वऱ्हाडी. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर काढीत. देवापुढे बोकड कापावा काय, कर्ज काढून सण करावा काय, माणसाने माणसाचा विटाळ मानावा काय, असे प्रश्नामागून प्रश्न येत. प्रथम दहा जण उत्तर देत, मग शंभर, आणि शेवटी सारा समुदाय एका आवाजात उत्तर देई. आपण इतके दिवस चूक करीत होतो हे ज्याचे त्याला आपल्याच तोंडून ऐकू येई. चांगला शिक्षक वर्गात याहून वेगळे काय करतो? फरक इतकाच, की बाबांच्या वर्गातील विद्यार्थी पिकल्या केसांचे होते, आणि त्यांच्यापुढे पाटी नव्हती.

विद्येचा विषय निघाला म्हणजे बाबांच्या वाणीला धार चढे. ते सांगत, की जेवणाचे ताट विकावे लागले तरी विकावे, भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नये. शिक्षणाने माणूस किती उंच जातो हे पटवून देताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देत.

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांतील एक पैसाही त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी घेतला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचा मोठा स्नेह होता. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

वय झाले, शरीर थकले, तरी बाबांची पायपीट आणि कीर्तने थांबली नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला.

यानंतर तीन वर्षांनी, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. दिवसभराची कामे आटोपून शेतकरी आणि त्यांच्या बायका रात्री वर्गाला येत. नांगराला सरावलेली बोटे पेन्सिलीला सरावण्यास वेळ लागे. ज्या गावातील सारी प्रौढ मंडळी लिहू-वाचू लागत, तेथे ग्रामगौरवाचा समारंभ होई. गावकरी तो एखाद्या सणासारखा साजरा करीत.