काटा शून्यावर आला तेव्हा

प्रॅक्टिकलला मीटरने एकदम शून्य दाखवलं की आपण काय म्हणतो? कुठेतरी वायर चिकटलीय! १९११ साली हॉलंडमधल्या लायडनच्या लॅबमध्येही आधी हाच संशय आला म्हणतात. लॅब होती हायके कॅमरलिंग ओनेस यांची.

जन्म १८५३ चा, ग्रोनिंगेनचा. वडिलांचा कौलांचा कारखाना. २९व्या वर्षी लायडनला प्रोफेसर झाले. तब्येत नाजूक, पण ध्यास एकच: वायू द्रवरूप करायचे, अजून अजून थंड जायचं. मात्र १८०७ मध्ये लायडनच्या कालव्यात दारूगोळ्याचं जहाज उडालं होतं आणि लॅब नेमकी त्याच उद्ध्वस्त भागात! दाबाखालच्या वायूंना गाव घाबरलं आणि १८९५ पासून जवळजवळ तीन वर्षं काम ठप्प. तेवढ्यात, १८९८ मध्ये, लंडनला ड्यूअरने हायड्रोजन द्रवरूप करून टाकला.

दुसरा कोणी खचला असता. ओनेस यांनी चक्क कारागीर घडवणारी शाळा काढली. ही मुलं काच फुंकायची, पंप सांभाळायची. १० जुलै १९०८ ला पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून हेलियम द्रवरूप झाला. किती? जेमतेम ६० मिलिलिटर.

मग पारा. ४.२ केल्विनजवळ त्याचा रेझिस्टन्स गायब! पुन्हा पुन्हा मोजलं, तेव्हा कळलं की वायर चिकटलेली नाही, पाराच बदललाय. हाच सुपरकंडक्टर. मोजमाप गिलेस होल्स्टने केलं, पण पेपरवर नाव फक्त सरांचं. हे मला काही पटत नाही. १९१३ चं नोबेलही सरांनाच, मुख्यतः थंडीच्या कामासाठी. १९२६ मध्ये ते गेले.

आज काही क्वांटम कॉम्प्युटरचे क्यूबिट ॲल्युमिनियमचे असतात. ते १.२ केल्विनखाली सुपरकंडक्टर होतं; चिप मात्र केल्विनच्या साधारण शंभराव्या भागापर्यंत थंड करतात. आणि तिथेही भीती नको त्या संबंधाचीच! फक्त वायरच्या नाही, शेजाऱ्याच्या. एका क्यूबिटची अवस्था बदलली की काही न सांगता शेजारच्याची फ्रिक्वेन्सी सरकते आणि हिशोब चुकतो. म्हणून दोघांमध्ये कपलर बसवतात. त्याची फ्रिक्वेन्सी अशी लावतात की थेट होणारा आणि कपलरमार्गे होणारा असे दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात. गेट चालवायचं तेवढ्यापुरताच संबंध जोडायचा, की परत बंद.

आमच्या रूमच्या पातळ भिंतीत असा कपलर बसेल का, असं माझा रूममेट विचारतोय. शेजारी रात्री दोनला गाणी लावतात.