टेंभूचे आगरकर आणि बारा वर्षांची अट : कमी वयातल्या मातृत्वाविरुद्धची पहिली मोठी लढाई

कराडजवळचं टेंभू हे नाव आज घेतलं की बहुतेकांना आठवते ती उपसा सिंचन योजना. कृष्णेचं पाणी उचलून सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत नेणारी. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. १४ जुलै १८५६ रोजी इथे गोपाळ गणेश आगरकर जन्मले.

शाळेच्या पुस्तकात आगरकर भेटतात ते समाजसुधारक म्हणून, टिळकांचे मित्र आणि नंतरचे विरोधक म्हणून. पण त्यांचं आणि टिळकांचं नेमकं कशावरून फाटलं, असं विचारलं तर उत्तर बऱ्याचदा मोघम येतं. त्या भांडणातला एक मोठा प्रश्न अगदी ठोस होता. लग्न झालेल्या मुलीचा शरीरसंबंध किती वयानंतर सुरू व्हावा आणि ते वय कोणी ठरवावं? मुलीचं आरोग्य आधी की रूढी आधी? आज ज्याला आपण किशोरवयीन गर्भधारणेचा प्रश्न म्हणतो, त्याची महाराष्ट्रातली पहिली मोठी जाहीर चर्चा ती हीच.

कराडचा उमेदवार, दवाखान्यातला कंपाउंडर

घरची गरिबी इतकी की शिक्षण सलग झालंच नाही. गोपाळचं सुरुवातीचं शिक्षण कराडला नातेवाइकांकडे राहून झालं. पुढे शिकायची सोय नाही म्हणून कराडच्याच कोर्टात उमेदवारी केली. शिकायच्या ओढीने रत्नागिरीला पायी गेले, तिथे जमलं नाही म्हणून परत आले. मग कराडच्या दवाखान्यात काही काळ कंपाउंडरचं काम केलं.

त्यानंतर त्यांनी अकोला गाठलं. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले, मदत मिळाली आणि १८७५ साली ते मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा अंगावर एकच सदरा होता, तो रात्री धुवून सकाळी घालायचा, असं सांगतात. १८७७ साली यशोदाबाईंशी त्यांचं लग्न झालं. पुढे बी.ए. आणि एम.ए. झाले.

एवढं शिकलेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरी सहज मिळाली असती. घरच्यांचीही तीच अपेक्षा होती. पण त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नये, पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार आहे. हे पत्र पुढे महाराष्ट्रात फार प्रसिद्ध झालं.

केसरीचे पहिले संपादक

डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी गाठ पडली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं, त्यात दोघंही आले. जानेवारी १८८१ मध्ये केसरी सुरू झाला आणि त्याचे पहिले संपादक झाले आगरकर.

वर्षभरात खटला उभा राहिला. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल केसरी आणि मराठात मजकूर छापला गेला होता. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या कागदांवर भरवसा ठेवला होता ते खोटे निघाले. १८८२ साली टिळक आणि आगरकर दोघांनाही मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं. चार महिन्यांची शिक्षा होती, १०१ दिवसांनी सुटका झाली. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिलं. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. या दोन्ही कामांत दोघं बरोबर होते.

मग फाटलं कुठे?

१८८४ साली मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन टिपणं प्रसिद्ध केली आणि सरकारने लक्ष घालावं अशी मागणी केली. देशभर वाद पेटला.

त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं होतं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. याच रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

या सगळ्यात केसरीच्या कचेरीतच दोन मतं होती. टिळकांचं म्हणणं असं की आधी राजकीय हक्क मिळवू, घरातल्या सुधारणा लोकांना शिकवून हळूहळू करू, परक्या सरकारला आपल्या घरात हात घालू देऊ नये. आगरकरांचं म्हणणं असं की ज्या रूढीने मुलीचा जीव जातो तिला थांबवायला वाट पाहू नये, आणि लोक आपण होऊन बदलत नसतील तर कायदा करावा. एकाच पत्रात हे दोन्ही कसं मावणार? १८८७ साली आगरकर केसरीतून बाहेर पडले. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी सुधारक हे स्वतःचं साप्ताहिक सुरू केलं. त्याच्या इंग्रजी बाजूला मदतीला गोपाळ कृष्ण गोखले होते.

फुलमणी आणि संमतिवयाचं बिल

१८६० च्या दंडसंहितेत लिहिलं होतं की दहा वर्षांखालच्या मुलीशी संबंध हा बलात्कार, मग ती बायको असली तरी. म्हणजे मुलीने दहा वर्षं पूर्ण केली की कायदा बाजूला सरायचा.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला चालला. अकरा वर्षांच्या आसपासची ही मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधात जखमी होऊन, रक्तस्रावाने मरण पावली. नवरा पूर्ण वाढलेला पुरुष होता. पण ती दहा वर्षांच्या पुढची असल्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

हिंदुस्थानात काम करणाऱ्या ५५ स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. लहान वयातल्या संबंधांमुळे जखमी झालेल्या, अपंग झालेल्या, मेलेल्या मुलींची प्रकरणं त्यांनी मांडली आणि मर्यादा १४ वर्षांची करा असं सुचवलं. जानेवारी १८९१ मध्ये सरकारने बिल आणलं ते मात्र १२ वर्षांचं.

त्यावरही गदारोळ झाला. विरोधकांचा आधार होता गर्भाधान संस्कार. मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की तो झालाच पाहिजे, उशीर झाला तर धर्म बुडतो, असं ते म्हणत. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रांचेच दाखले देऊन हे खोडून काढलं. का. त्रिं. तेलंगही बिलाच्या बाजूने उभे राहिले.

आगरकरांची वाट वेगळी होती. शास्त्रात काय लिहिलं आहे याचा कीस पाडत बसायचं त्यांनी नाकारलं. शास्त्राने परवानगी दिली असती तर मुलीचं मरण योग्य ठरलं असतं का, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. त्यांच्या लिखाणात हा विषय शरीर, बुद्धी आणि न्याय या तीन बाजूंनी येतो. शरीराची वाढ पुरी झाल्याशिवाय आलेलं मातृत्व आई आणि मूल दोघांनाही कमकुवत करतं. लहानपणी लग्न झालं की मुलीचं शिक्षण संपतं. आणि जिच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे तिला कोणी विचारतच नाही.

टिळकांची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. त्यांना बालविवाह हवे होते असं नाही. मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, अशी प्रतिज्ञा लोकांनी आपण होऊन करावी असं त्यांनीच सुचवलं होतं. त्यांचा विरोध इंग्रज सरकारच्या कायद्याला होता. प्रतिज्ञेतलं वय कायद्यातल्या वयापेक्षा मोठं होतं, पण ज्याने प्रतिज्ञा केली नाही त्याच्या घरातल्या मुलीचं काय, हा प्रश्न उरतच होता.

१९ मार्च १८९१ रोजी बिल मंजूर झालं. मर्यादा १० वरून १२ वर आली. फक्त दोन वर्षांची वाढ. प्रत्यक्षात खटलेही फार थोडे झाले. पण लग्न झालं म्हणजे मुलीच्या शरीरावर सगळे हक्क मिळाले असं नाही, हे सगळ्या देशाला मोठ्याने ऐकावं लागलं.

जिवंतपणी प्रेतयात्रा

या मतांची किंमत आगरकरांनी पुण्यातच मोजली. सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी सुधारक चालू राहिला. बिलावर न थांबता ते पुढचं लिहीत गेले. मुलामुलींना सारखंच शिक्षण द्या, तेही एकत्र द्या. बायकांना पोट भरता येईल असं शिकवा. जोडीदार मोठेपणी, एकमेकांना ओळखून निवडू द्या.

१८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने ते लहानपणापासून बेजार होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ३८. आपल्या अंत्यविधीचे पैसेही त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात.

पुढे काय झालं?

आगरकरांच्या हयातीतच, १८९१ साली, धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. त्यांचे चिरंजीव रघुनाथ कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिकातून लैंगिक शिक्षण मराठीत आणलं. त्यांनाही खटले आणि बदनामी सोसावी लागली.

कायदाही सरकत गेला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं, १९७८ साली ते १८ झालं. पण बायको असेल तर कमी वय चालेल ही दंडसंहितेतली पळवाट उरलीच होती. १८ वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१७ साली. फुलमणीच्या खटल्यानंतर १२७ वर्षांनी.

हा प्रश्न संपला का?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

यातलं थोडं चित्र कराडच्या आसपासही दिसतं. दर हंगामात कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांकडे मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. तोडीची उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. जोडी लवकर जमावी म्हणून आणि वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवायची म्हणून लग्न लवकर उरकलं जातं. म्हणजे आता कारण गर्भाधान संस्कार नाही, तर पैसा आणि असुरक्षितता आहे. मुलीच्या शरीराला मात्र कारणाने फरक पडत नाही. वाढ पुरी व्हायच्या आत गर्भ राहिला तर रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब आणि झटके, अडलेलं बाळंतपण, कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं बाळ हे सगळे धोके वाढतात.

मदतीच्या जागा आज आहेत. सरकारी रुग्णालयांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींना पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधक याबद्दल विचारता येतं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर आहे, त्यावर ठरलेल्या बालविवाहाची खबर कोणीही देऊ शकतं.

आगरकरांच्या काळात फुलमणीसाठी यातलं काहीच नव्हतं. आज आहे, पण फोन करायचा तो शेजाऱ्याने, शिक्षकाने किंवा मुलीच्या मैत्रिणीनेच. लग्नाची पत्रिका हातात पडली आणि मुलगी दहावीत आहे हे माहीत असेल, तर तो फोन अक्षता पडायच्या आधी करायचा असतो.