हेन्री नेस्ले आणि दूध न सोसणारे बाळ

फ्रँकफर्टमध्ये १८१४ साली जन्मलेले हेन्री नेस्ले हे चौदा भावंडांतले अकरावे. त्यातली कितीतरी भावंडे लहानपणीच दगावली. औषधे बनवण्याचे शिक्षण घेऊन ते स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावी स्थायिक झाले.

त्या काळी आईचे दूध न मिळणारी तान्ही बाळे फार थोडी जगत. नेस्ले यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांची पूड तयार केली. कोवळ्या पोटाला जड जाणारे पिठातले आम्ल आणि पिष्ट त्यांनी प्रक्रिया करून कमी केले. १८६७ मध्ये ती अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला दिली गेली. त्याला ना आईचे दूध सोसत होते, ना वरचे. ही पूड मात्र पचली आणि बाळ वाचले. मागणी वाढतच गेली. १८७५ मध्ये नेस्ले यांनी व्यवसाय विकला. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते.

त्या पुडीत गाईचे दूध होतेच, म्हणजे बाळाचा त्रास दुधाच्या ॲलर्जीचा नसावा. 'दूध सोसत नाही' यामागे अनेक कारणे असतात. बहुतेक बाळांच्या गुळण्या अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट मिटत नसल्याने होतात आणि वर्षभरात थांबतात. वजन वाढत नसेल किंवा शीतून रक्त जात असेल, तर दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी आईचे दूध परस्पर तोडू नये, सहा महिन्यांआधी पिठाचे काही भरवू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.