लाडवलीचा विद्यार्थी : कॉ. रा. बा. मोरे

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. अशा वेळी आमच्या महाड-पोलादपूरच्या मातीतल्या एका माणसाची आठवण केल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख संयोजक म्हणून कालकथित रामचंद्र बाबाजी मोरे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांचा पहिला लढा पाण्यासाठी नव्हता, तो शाळेसाठी होता. हे आमच्या पोरांना ठाऊक असायला हवं.

मोरे यांचा जन्म 1 मार्च 1903 रोजी महाडजवळच्या लाडवली गावी झाला. बालपण दासगावात गेलं. पोरगा हुशार. अकराव्या वर्षी सरकारी शिष्यवृत्ती मिळवली. घरच्यांना केवढा आनंद! पण महाडच्या इंग्रजी शाळेत गेले, तर दार बंद. कारण एकच, जात. गुण होते, शिष्यवृत्ती होती, पण वर्गात जागा नव्हती.

दुसरा कुणी असता तर गुरं राखायला गेला असता. या पोराने वर्तमानपत्राला पत्र धाडलं. बोभाटा झाला. सरकारी अनुदान बंद होईल या भीतीने शाळेने नाव दाखल केलं. तरी बसायचं मात्र इतरांपासून वेगळंच. तो अपमान गिळून ते शिकले.

पुढे 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, तशा सार्वजनिक शाळाही खुल्या, असं त्यात होतं. 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुलं झालेलं गावात खुलं होत नाही, हे मोरे लहानपणीच शिकले होते. म्हणून 19 व 20 मार्च 1927 ची महाड परिषद भरवण्यासाठी ते राबले. तेव्हा त्यांचं वय अवघं चोवीस. 20 मार्चला परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि इतिहास घडला.

1930 नंतर मोरे साम्यवादी चळवळीत गेले, पण बाबासाहेबांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. 1965 साली त्यांनी ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केलं. 11 मे 1972 रोजी ते गेले.

आज 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. तरी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून भर पावसात हायस्कूल गाठणं सोपं नाही. घरची ओढाताण असली की आधी पोरीचीच शाळा सुटते. दार आता उघडं आहे, पण दारापर्यंत पोचायची वाट अजून बिकट आहे.

म्हणून आमची धम्मबांधवांना नम्र विनंती आहे. वंदना झाल्यावर विहाराला कुलूप लावू नका. संध्याकाळी तिथे पोरांना अभ्यासाला बसवा, वह्यापुस्तकांना हातभार लावा. लाडवलीच्या त्या विद्यार्थ्याला हेच आमचं खरं अभिवादन ठरेल.

जय भीम!