निराधारांचा आसरा : गाडगेबाबा

२० डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपण गाव झाडतो, फोटोला हार घालतो आणि मोकळे होतो. बाबांचा खराटा आपल्या ध्यानात राहिला, पण त्यांचं दुसरं मोठं काम आपण विसरत चाललो आहोत. ते काम म्हणजे गरीब, म्हातारे, आंधळे-पांगळे यांना डोक्यावर छप्पर आणि पोटाला घास देण्याचं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दारूपायी वडील लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. दुसऱ्याच्या आसऱ्यानं राहणं म्हणजे काय, हे डेबूजीनं असं लहानपणीच पाहिलं. गुरं राखली, औत हाकलं, मामाची शेती राबून उभी केली. पुढं सावकारानं त्या जमिनीवर हात टाकला, तेव्हा त्याच्याशी दोन हातही केले. म्हणजे बाबा आपल्यातलेच, मातीतले शेतकरी होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या आणि हातात मातीचं गाडगं. गावात शिरलं की आधी खराटा घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून लोकांची मनं झाडायची. दारू सोडा, कर्ज काढून लग्न-तेरवी करू नका, पोरांना शाळेत घाला, हेच त्यांचं सांगणं असे.

या भटकंतीत यात्रेतले हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पैसेवाला कुठंही उतरायचा. गरीब, म्हातारा आणि त्यातून अस्पृश्य मानला गेलेला वारकरी मात्र पावसात उघड्यावर पडायचा. म्हणून बाबांनी लोकवर्गणीतून पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, देहू, आळंदी इथंही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या गरीब नातेवाइकांसाठी सोय झाली.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाबांची धर्मशाळा म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हत्या. तिथं झाडलोट होती, रांधायला भांडी होती. जोडीला आंधळे, पांगळे, महारोगी यांच्यासाठी सदावर्त आणि कपडालत्ता होता. आसरा आणि सांभाळ या दोन्ही गोष्टी बाबांनी एकत्र धरल्या.

एवढं उभारून स्वतःसाठी काय ठेवलं? काहीच नाही. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. इमारती विश्वस्तांच्या हाती दिल्या, घरच्यांचा हक्क ठेवला नाही. चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं, त्यामुळं बाबांच्या पश्चातही काम थांबलं नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीपाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. त्याच वलगावला पुढं त्यांच्या नावानं वृद्धाश्रम उभा राहिला.

आता आपल्या गावाकडं बघू. शेतावरच्या भेटीसाठी गावोगाव फिरताना एक चित्र हमखास दिसतं. समाजमंदिराला कुलूप आणि पोरं पुण्या-मुंबईला गेलेली म्हातारी माणसं पारावर बसलेली. घर आहे, पण पत्रा गळतो. चूल आहे, पण पेटवायला हातात बळ नाही. इमारत बांधायला निधी येतो, पण ती रोज उघडायची कुणी, यावर ग्रामसभेत चर्चा होत नाही. बाबांनी नेमकं तेच आधी ठरवलं असतं.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती आहे. स्मृतिदिनाला गाव झाडाच, पण सोबत गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी करा. ज्यांचं वय ६५ पूर्ण आहे आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे, त्यांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात पोचला का, ते बघा. घर गळत असेल तर घरकुलाच्या यादीत नाव आहे का, ते तपासा. आणि समाजमंदिराचं कुलूप काढा. दुपारी सावलीला बसायची सोय आणि बचत गटाच्या बायांकडून एक वेळची गरम भाकर, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

शेतकरी बंधूंनो, सुगीत रास घरात आली की त्यातलं पायलीभर धान्य या कामाला बाजूला काढा. बाबांच्या धर्मशाळा अशाच पायली-पायलीनं उभ्या राहिल्या. आज आपण पारावरच्या म्हाताऱ्याला विचारणार नसू, तर उद्या त्या पारावर आपणच असू.