देवगंधर्व भास्करबुवा बखले आणि पुण्याचे गाणे

गणपती ही चौसष्ट कलांची देवता, त्यामुळे आपल्या उत्सवात एक संध्याकाळ गाण्याची असतेच. आपल्या दादरा नगर हवेलीत संगीतकार म्हटले की पहिले नाव निघते ते सुधीर फडके यांचे. 1954 च्या मुक्तिसंग्रामात बाबूजी स्वतः उतरले होते, त्यामुळे ते योग्यच आहे. पण त्यांच्याही कितीतरी आधीचे एक मोठे नाव आपल्या अगदी शेजारचे आहे आणि ते आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. वापीहून अहमदाबादच्या हमरस्त्याला लागले की सुरतच्या बाजूला कामरेज लागते. त्याच भागातील कठोर या गावी 17 ऑक्टोबर 1869 रोजी भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म झाला. गाव तेव्हा बडोदा संस्थानात होते.

घरची परिस्थिती बेताचीच. मुलगा संस्कृत शिकायला बडोद्याला गेला आणि तिथे गाण्याकडे वळला. कीर्तनकार विष्णुबुवा पिंगळे यांनी त्याला सुरुवातीचे धडे दिले. आवाज गोड, म्हणून लहान वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळाला. 'रामराज्यवियोग' नाटकात त्यांनी कैकेयीची भूमिका केली. इंदूरला प्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडून थोडी तालीम मिळण्याचाही योग आला. पुढे वयानुसार आवाज फुटला. नाटकात बायकांची कामे करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला की त्याची किंमतच संपते. मंडळी सुटली.

इथे दुसरा कोणी असता तर गावी परतून मिळेल ती नोकरी धरली असती. भास्करबुवा पुन्हा बडोद्याला गेले आणि फैज महंमद खाँ यांच्यापाशी शिकायला राहिले. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे वर्गात बसणे नव्हे. गुरूच्या घरी पडेल ते काम करायचे आणि त्यांच्या मर्जीप्रमाणे जे कानावर पडेल ते उचलायचे. एका ब्राह्मण घरातल्या मुलाने मुसलमान उस्तादाच्या घरी अशी वर्षानुवर्षे काढली, हे आज वाचायला सोपे वाटते. तेव्हा ते सोपे नसणार. फैज महंमद खाँ ग्वाल्हेरच्या गायकीचे. त्यानंतर बुवांनी आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले आणि शेवटी जयपूर-अत्रौलीचे अल्लादिया खाँ यांच्याकडून तालीम घेतली.

गाण्यात नवखे असलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ग्वाल्हेरचे गाणे सरळ, बंदिश स्वच्छ मांडणारे. आग्र्याचा जोर लयीवर, बोलांच्या खेळावर. जयपूर म्हणजे अनवट राग आणि एकात एक गुंतलेल्या ताना. तेव्हा एका घराण्याचा गवई दुसऱ्याचे गाणे ऐकायलासुद्धा नाके मुरडत असे. बुवांनी तिन्ही घेतली, आणि तीही एकमेकांत कालवून नाही, समजून. म्हणूनच की काय, त्यांचे गाणे पंजाबातसुद्धा चालले. जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात त्यांना मोठा मान होता. पंजाबातील दिलीपचंद्र वेदी त्यांचे शिष्य झाले.

मधली काही वर्षे बुवा धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिक्षक होते. नोकरीत बांधून घेतलेल्या माणसाला कसे वाटत असेल, हे आम्हा सरकारी नोकरांना वेगळे सांगायला नको. पण तिथे त्यांनी शिकवण्याची कला कमावली असे मला वाटते, कारण पुढे पुण्यात त्यांनी केले ते मुख्यतः शिकवण्याचेच काम.

पुण्यात 1874 पासून गायन समाज होता. लाहोरला विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले होते. म्हणजे गाण्याच्या शाळेची कल्पना बुवांची एकट्याची नव्हती. पण स्वतः तीन घराण्यांचे गाणे कष्टाने मिळवलेला, मैफिलीत पैसा आणि मान मिळवणारा गवई शाळा काढतो, ही गोष्ट वेगळी. 1911 मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. ज्या विद्येसाठी आपण उस्तादांच्या घरी इतकी वर्षे काढली, ती पेठेतल्या साध्या घरातील मुलाला संध्याकाळी येऊन शिकता यावी, अशी सोय त्यांनी केली. गलोंड्यात राहून मुलीला गाणे शिकवायचे तर शिक्षक शोधण्यापासून सुरुवात करावी लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या कामाचे मोल लगेच कळेल.

याच सुमारास बालगंधर्व त्यांच्याकडे शिकत होते. गंधर्व नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत स्वयंवर' बसवायला घेतले तेव्हा पदांना चाली देण्याचे काम बुवांकडे आले. 10 डिसेंबर 1916 रोजी पहिला प्रयोग झाला. बुवांनी केले ते असे: यमन, भीमपलास, बिहाग, भूप अशा रागांतील ख्यालाच्या बंदिशी त्यांना पाठ होत्या, त्यांच्या चालींवर खाडिलकरांचे मराठी शब्द बसले आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व ते गाऊ लागले. आधीच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा अशा चाली भरपूर असत. आता सगळे नाट्यगृह तिकीट काढून पक्का रागच ऐकू लागले आणि वन्समोअर मागू लागले. ज्यांना भीमपलास हे नावही ठाऊक नव्हते, ते तो घरी गुणगुणत गेले. काही जाणकार म्हणतात की नाटकात गाणे फार झाले आणि नाटक मागे पडले. त्यात तथ्य आहे. तरीही मराठी माणसाचा कान रागदारीला सरावला तो या पदांमुळे, यात मला शंका वाटत नाही. 1920 च्या 'द्रौपदी' नाटकाचे संगीतही बुवांचेच.

बुवांना आयुष्य मात्र फार लाभले नाही. 8 एप्रिल 1922 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे 52 वर्षांचे होते. शिष्य त्यांना देवगंधर्व म्हणत आणि त्याच नावाने शैला दातार यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर लहान वयात बुवांकडे आले होते. गुरूनंतर भारत गायन समाजाची धुरा त्यांनी वाहिली, नाटकांना आणि 'माणूस', 'शेजारी' यांसारख्या प्रभातच्या चित्रपटांना संगीत दिले. त्यांच्याकडे पुढे राम मराठे शिकले. पुण्यातील भारत गायन समाज आजही चालू आहे, आणि तिथे गाणे शिकायला आजही मुले येतात.